बारा व्होल्टचा इतिहास, मु. पो. निलंगा

मंडळी, या विकांताचा विषय हात काळे करणारा आहे. ग्रीस, कार्बन आणि बॅटरीच्या टर्मिनलवर साठणारी ती हिरवट-पांढरी पूड... आमचे काका निलंग्यात पिकअप चालवतात. गाडीचं वय सोळा वर्षं. सोयाबीन, तूर, सिमेंटच्या गोण्या, लग्नाचा मंडप, गणपती, जे भाडं मिळेल ते. लातूरच्या आडत बाजारात माल वेळेत पोचवायचा तर निघावं लागतं पहाटे तीन-चारला, मिट्ट काळोखात.

काकांची तक्रार एका वाक्याची होती. "रातच्याला समोरचं दिसंना गेलंय रे." उपायही त्यांनी ठरवून ठेवला होता. टपावर एलईडीची लांबलचक पट्टी ठोकायची. आणि "तू कम्प्युटरचा इंजिनेर, तुला चार वायरा कळत न्हाईत व्हय?" असं म्हणून मला कामाला लावलं.

दोन विकांत मी त्या गाडीच्या वायरिंगमध्ये घालवले, आणि पुढचे तीन-चार विकांत हे सगळं मुळात आलं कुठून ते वाचण्यात. वाचता वाचता एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. गाडीवर उजेड पाडणं कधीच फार अवघड नव्हतं. अवघड होतं ते तो आवरणं. गाडीच्या दिव्यांच्या इतिहासात जी मोठी कामं झाली, त्यातली निम्मी-अधिक उजेड ताब्यात ठेवण्यासाठी झालेली आहेत. कसं ते सांगतो.

सुरुवात कार्बाइडपासून करू. मोटारगाड्या नवीन होत्या तेव्हा त्यांच्यावर विजेचे दिवे नव्हते. रॉकेलचे असायचे, नाहीतर ॲसिटिलीनचे. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंबथेंब पाणी पाडायचं, वायू निघतो, तो जाळायचा. (हेच ते कार्बाइड, ज्यानं आंबे पिकवायला बंदी आहे.) उजेड चांगला पांढराशुभ्र. पण पाणी जास्त पडलं की ज्योत भडकणार, कमी पडलं की मलूल होणार. म्हणजे तुमचा स्विच काय, तर पाण्याची तोटी! आणि तोटी बंद केली तरी भिजलेले खडे वायू सोडतच राहणार. 'ऑफ' हा प्रकार खऱ्या अर्थानं नव्हताच.

मग वीज आली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसला. आपले मिस्त्री ज्याला 'सेल्फ' म्हणतात तो हाच. १९१३ मध्ये जर्मनीत बॉशनं दिवे, डायनामो, बॅटरी आणि रेग्युलेटर असा अख्खा संच बाजारात आणला. या संचातलं खरं डोकं रेग्युलेटरमध्ये आहे. डायनामो इंजिनवर फिरतो. इंजिन पळालं की व्होल्टेज चढतं, मंदावलं की पडतं. आवरलं नाही तर मोकळ्या रस्त्यावर बल्ब उडणार. आणि गाडी उभी असताना उलटंच, बॅटरीतला करंट डायनामोत शिरून बॅटरी रिकामी होणार. त्याला थोपवायला 'कटआऊट'. जुन्या जीपच्या बॉनेटखाली जो चौकोनी काळा डबा असायचा, त्यात हेच चालायचं. तारेचं एक वेटोळं, एक स्प्रिंग आणि कॉन्टॅक्टचे दोन ठिपके. जुनेजाणते मिस्त्री तो डबा उघडून कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासायचे आणि स्प्रिंगचा ताण अंदाजानं सारखा करायचे.

आता 'आपल्याकडे' कसं आलं ते. निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होतं, म्हणजे हैदराबाद राज्यात. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्येच २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तीन तालुके बिदरमधून निघून मुंबई राज्यात आले. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. उदगीरला रेल्वे आहे, निलंगा शहराला नाही. इथं माल आणि माणूस, दोन्ही चाललं ते रबरी चाकांवर. त्यामुळे गाडी बंद पडली म्हणजे व्यवहारच बंद पडला.

त्यात जीपचा वाटा मोठा. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड महंमद' ही कंपनी निघाली, १९४७ मध्ये तिनं मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. महायुद्धातली ती मूळ विलीज जीप सहा व्होल्टची होती. पुढे पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या गाड्या बारा व्होल्टवर गेल्या आणि हळूहळू जगभर तेच रूढ झालं. कारण शाळेतलंच आहे. ५५ वॉटचा दिवा सहा व्होल्टवर साधारण नऊ अँपिअर खातो, बारावर साडेचार. करंट निम्मा झाला की त्याच वायरीत वाया जाणारी उष्णता चौथाईवर येते. म्हणजे दिवा तोच, वायर तीच, पण वायर तापणं आवरलं.

डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला तो सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटनं तो मोठ्या संख्येनं रस्त्यावर आणला. अल्टरनेटर गाडी उभी असतानाही बऱ्यापैकी चार्ज करतो, आणि डायोड करंटला उलटं जाऊ देत नाही. म्हणजे कटआऊटचं काम फुकटात. आमच्याकडे मात्र लोक अजूनही अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात. काका तर ठामपणे म्हणतात. मी दुरुस्त करायचा नाद सोडलाय :)

आणि हा बारा व्होल्ट निव्वळ गाडीपुरता कधीच नव्हता. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं तेव्हा रविवारी लाईट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायची, हे आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी पन्नास वेळा सांगितलंय. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तासांचं भारनियमन होतं. शेतीपंपाची वीज कितीतरी वर्षं आळीपाळीनं रात्रीची यायची, म्हणजे शेतकऱ्यानं रात्री दोन वाजता विंचूकाट्याच्या वाटेनं मोटार चालू करायला जायचं. ज्या गावात वीज कधी येईल याचा भरवसा नाही, तिथं चाकांवरची बॅटरी हीच घरची वीज. रात्रीच्या मळणीला, विहिरीवर, बांधावर गाडी वळवून उभी करायची आणि हेडलाईट लावायचे. शहरात आपण ज्याला शौकाचे जादा दिवे म्हणतो, तो शौक नव्हता. रस्त्यावर आणि शिवारात दुसरा दिवाच नव्हता.

तर आता काकांच्या गाडीकडे. पट्टी विकत घ्यायच्या आधी मी म्हटलं मोजू तरी. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर. इंजिन चालू, दिवे चालू. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. छान. तेच बल्बच्या होल्डरवर ११.८! म्हणजे दोन व्होल्टपेक्षा जास्त वाटेत गळाले. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगानं पडतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. म्हणजे काकांच्या दिव्यांचा एक तृतीयांशाहून जास्त उजेड वायरीतच जिरत होता. बल्बचा दोष नव्हता आणि काकांच्या डोळ्यांचाही नव्हता.

गळती दोन ठिकाणी होती. पहिली अर्थमध्ये. गाडीत प्रत्येक दिव्याला जायची वायर असते, पण परतीची वायर बहुतेक वेळा नसते. परतीचं काम गाडीचा लोखंडी सांगाडा करतो. तांबं वाचतं. (गंमत म्हणजे ब्रिटिश गाड्यांमध्ये साठच्या दशकापर्यंत सांगाड्याला पॉझिटिव्ह जोडायची पद्धत होती. तशी जुनी गाडी समोर आली आणि सवयीनं बॅटरी लावली की झालाच घोटाळा.) सोळा पावसाळे खाल्लेल्या गाडीत अर्थची वायर ज्या बोल्टला असते तिथं गंज आणि रंगाचा थर असतो. बोल्ट खोलला, धातू चमकेपर्यंत घासला, नवीन लग लावून आवळला, वरून ग्रीस. खर्च वीस रुपये. एवढ्यानंच जवळजवळ एक व्होल्ट परत आला. आयटीतल्या मंडळींना सांगायला नको, निम्मे बग नव्या फीचरमध्ये नसतातच, ज्याला सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं त्यात असतात.

दुसरी गळती स्विचमध्ये. या गाडीत हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत येत होता आणि तिथून परत पुढे जात होता. एवढी लांब, बारीक वायर आणि झिजलेला स्विच. यावरचा इलाज म्हणजे रिले. रिलेची गोष्ट मला फार आवडते. जोसेफ हेन्रीनं १८३५ च्या सुमारास ही युक्ती काढली. दूरवरून आलेला अशक्त करंट एका छोट्या चुंबकाला जागवतो, चुंबक एक पट्टी ओढतो आणि जवळच्या बॅटरीचा ताजा, जोमदार करंट सुरू होतो. नाव आलं डाकेच्या घोड्यांवरून. चौकीवर दमलेला घोडा सोडून ताजा घ्यायचा, तसं. तारायंत्रं यावर चालली, टेलिफोन एक्स्चेंज चालली, आणि कोनराड झूसचा १९४१ चा 'झेड ३' हा संगणक दोन हजारांहून अधिक रिलेंचाच बनलेला होता. १९४७ मध्ये हार्वर्डच्या 'मार्क टू' संगणकात जो पतंग अडकला आणि वहीत चिकटवून ठेवला गेला, तो अडकला होता रिलेतच. म्हणजे आपल्या धंद्यातला सगळ्यात प्रसिद्ध बग आणि काकांच्या बॉनेटखालचा साठ-सत्तर रुपयांचा डबा, एकाच घराण्यातले!

या डब्याच्या बुडाशी चार आकडे असतात. ३०, ८५, ८६, ८७. निलंग्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीवर उभे राहा, "तीसला डायरेक्ट दे, सत्त्याऐंशी लाईटला" हे कानावर पडेलच. हे आकडे येतात डीआयएन ७२५५२ नावाच्या जर्मन मानकातून. ३० म्हणजे बॅटरीचा थेट पॉझिटिव्ह, ३१ म्हणजे अर्थ, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट, ८५-८६ म्हणजे चुंबकाची दोन टोकं, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी वाट. आपल्याकडे ८० हा पोर्ट म्हटलं की कोणीही 'वेब' म्हणेल, तसंच हे. जर्मनीतला मेकॅनिक आणि निलंग्यातला मिस्त्री एकमेकांची भाषा न येता एकच गाडी जोडू शकतात, ती या आकड्यांवर. मला यात मोठी गोष्ट दिसते. ज्ञान उघडं होतं. डब्यावरच छापलेलं होतं. मॅन्युअल नको, पासवर्ड नको.

रिले बसवले, बॅटरीपासून जाड वायर ओढली. बल्बवर साडेतेरा व्होल्ट! बल्ब तेच, उजेड दीडपटीच्या वर.

मग बंपरमध्ये कंपनीनंच सोडलेल्या रिकाम्या जागेत ५५ वॉटचे दोन फॉग लॅम्प बसवले. इथं फ्यूजबद्दल दोन शब्द. गावाकडे फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवायची जुनी परंपरा आहे. गाडी चालू होते, घरी पोचते, आणि ती चांदी तशीच वर्षानुवर्षं राहते. लोकांना वाटतं फ्यूज दिव्याला वाचवतो. तो वायरीला वाचवतो. वायर कुठं घासून सांगाड्याला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. फ्यूज नसेल तर वायरच फ्यूज होते, आणि ती जळते डिझेलच्या नळीशेजारून जाताना. दोन फॉग लॅम्पचे मिळून नऊ-दहा अँपिअर, म्हणून पंधराचा निळा फ्यूज, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. लांब बसवला तर मधली वायर उघड्यावरच. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

राहिली ती टपावरची पट्टी. इथं कथा वायरीतून बाहेर, रस्त्यावर येते. दिवा प्रखर झाला तेव्हापासून समोरच्याचे डोळे दिपतात ही तक्रार आहे. १९२० च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट घालून अप्पर-डिपरची सोय झाली. १९६२ मध्ये गाडीसाठीचा पहिला हॅलोजन, एच १, आला. १९७१ मध्ये एच ४ आला, दोन फिलामेंटचा, ६०/५५ वॉट. हा बल्ब कधी हातात आला तर नीट बघा. (काचेला बोट लावू नका.) डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक नखाएवढी वाटी दिसेल. तिचं काम एकच, त्या फिलामेंटचा खाली जाणारा प्रकाश अडवायचा, म्हणजे आरशावरून उसळून तो समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. मुद्दाम वाया घालवलेला प्रकाश! आपल्याकडे हेच काम हेडलाईटच्या वरच्या अर्ध्या काचेला फासलेल्या काळ्या रंगानं केलं. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्या आठवत असतील तर त्या काळ्या भुवया आठवतील. आणि ट्रकच्या पाठीवरचं 'यूज डिपर ॲट नाइट' तर सगळ्यांना पाठ आहे.

कायद्यानंही हेच लिहून ठेवलंय. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ एक गमतीशीर माणूस कल्पितो. तो दिव्यापासून आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला उभा आहे, आणि त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर आहेत. त्याचे डोळे दिपता कामा नयेत. नियम १११ तर पुढे स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावायलाच मनाई करतो, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी असेल तरच.

मग एलईडी आली आणि हिशोबच बदलला. १९९३ मध्ये शुजी नाकामुरांनी प्रखर निळी एलईडी करून दाखवली, तिच्यातून पांढरी निघाली, २०१४ मध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरांना नोबेल मिळालं. २००७ मध्ये लेक्ससच्या गाडीत एलईडी हेडलाईट आले तेव्हा ती चैन होती. आज तीच एलईडी कुठल्याही तालुक्याच्या गावात काही शे रुपयांत टांगलेली दिसते. एवढा स्वस्त उजेड माणसाला कधीच मिळाला नव्हता. पण ती स्वस्त पट्टी नुसता उजेड देते, नखाएवढी वाटी देत नाही. एच ४ साठी घडवलेल्या आरशात एलईडीचा बल्ब खुपसला तरी तेच, कारण आरशाला अपेक्षित असलेल्या जागी फिलामेंट नसतं आणि प्रकाश वाट फुटेल तिकडे पसरतो.

काकांना नियम क्रमांक सांगून काही उपयोग नव्हता. मी एवढंच विचारलं, समोरून पट्टीवाला आला की तुम्ही काय करता? "काय करतो म्हंजे? शिव्या देतो, न् गाडी कडंला घेतो." आणि कडेला काय असतं? काका गप्प बसले. गळीत हंगामात कडेला उसाची ट्रॉली असते. मागे दिवा नसलेली, कधी पंक्चर होऊन उभी. मागाहून धडकून माणसं जातात ती अशीच, आणि म्हणून हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा निघतात. रिफ्लेक्टरला शून्य अँपिअर लागतात. पट्टीचा विषय तिथं संपला. वाचलेल्या पैशात काकांनी गाडीच्या मागे आणि बाजूंना लाल-पांढऱ्या चमकत्या टेपा लावल्या.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला खरी काळजी वाटते ती याची. मिस्त्रीचं मुख्य हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. एक बल्ब, दोन वायरा. जिथं पेटला तिथपर्यंत करंट, नाही पेटला तर मागे जा. शुद्ध डिबगिंग. नव्या गाड्यांत हे पुरत नाही. बॉशनं १९८६ मध्ये 'कॅन' ही पद्धत मांडली. दोन वायरींवरून गाडीतले छोटे संगणक एकमेकांशी बोलतात. त्यामुळे किलोनं तांबं वाचलं, एबीएस आणि एअरबॅग नीट जोडता आल्या, सगळं मान्य. पण अनेक नव्या गाड्यांत दिव्याचा स्विच आता दिव्याला करंट देत नाही, संगणकाला विनंती करतो. मधल्या वायरीवर जोड मारून जादा दिवा लावला तर संगणकाला तो बिघाड वाटू शकतो. एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आलं, तेव्हा धूर आवरण्यासाठी पिकअपमध्येही सेन्सर आणि संगणक वाढले. टपरीवरच्या मिस्त्रीला आता स्कॅनर लागतो, आणि स्कॅनरला कंपनीचं सॉफ्टवेअर.

म्हणजे उजेड आवरायचं काम पाण्याच्या तोटीपासून स्प्रिंगकडे, स्प्रिंगपासून डायोडकडे आणि आता कोडकडे आलंय. फरक एवढाच की स्प्रिंग मिस्त्रीला दिसायची आणि रिलेचे आकडे वाचता यायचे. कोड बंद पेटीत आहे, आणि तो लिहिणारे तुमच्या-माझ्यासारखेच लोक हिंजवडीत नाहीतर बंगळुरात बसलेत. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं आणि वाहनं दोन्ही आहेत. त्याच डिसेंबरात पोर्टलही निघालं. बघू. पण कायदा येईल तेव्हा येईल. एरर कोडचा अर्थ उघड छापायचा की नाही, हा निर्णय एखाद्या मीटिंगमध्ये आपल्यासारखाच कोणीतरी घेत असतो. त्या मीटिंगमध्ये बसायची वेळ आलीच तर निलंग्याची ती टपरी आठवा. पहाटे तीनला भाडं घेऊन निघणाऱ्या माणसाला दिवा आजच चालू होऊन हवा असतो, आणि सर्व्हिस सेंटर सकाळी दहाला उघडतं.

असो. लांबलं बरंच. गावी गेलात तर घरच्या गाडीचा अर्थचा बोल्ट एकदा खोलून घासा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची, तेवढं सांभाळा.